हाताने फिरवायचं चाक



मी सॉफ्टवेअरमधली, पण आज एका चाकाविषयी बोलणार आहे. कुर्डुवाडीच्या पोरांना चाकाचं काय कौतुक! बार्शी लाइट रेल्वे आणि तिच्या वर्कशॉपच्या गावात आपण वाढलो. गार्डच्या डब्यातला हातब्रेक चाक फिरवून आवळतात, हे इथे कुणाला सांगायला नको.

तसंच एक चाक बोईंग ७३७ विमानात पायलटच्या गुडघ्याशेजारी असतं. त्याच्या तारा थेट शेपटीपर्यंत जातात आणि तिथला लांब स्क्रू फिरवतात. त्याने शेपटीचा आडवा पंख कलतो आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. एरवी हे काम विजेची मोटर करते. मोटर बंद केली, की चाकाची मूठ उघडून हाताने फिरवायचं.

१० मार्च २०१९ रोजी अदिस अबाबाहून निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं ७३७ मॅक्स सहा मिनिटांत कोसळलं. १५७ माणसं गेली, त्यांत चार भारतीय. एका सेन्सरने चुकीचा कोन कळवला आणि सॉफ्टवेअर नाक खाली दाबत राहिलं. वैमानिकांनी मोटरची वीज तोडली. पण हाताने चाक फिरेना.

का? नाक वर राहावं म्हणून ते दांडा मागे ओढून होते. त्यामुळे पंखाच्या मागची हलती पट्टी वर उचललेली, आणि तिच्यावरचा हवेचा भार स्क्रूवर येत होता. शाळेत शिकलेला वर्गाचा हिशेब इथे आठवा: वेग दुप्पट, तर हवेचा जोर चौपट. इंजिनं उड्डाणाच्याच ताकदीवर होती, वेग मर्यादेबाहेर गेला. जुन्या ७३७ च्या पुस्तकांत यावर तोड होती: दांडा जरा सैल सोडायचा, भार उतरला की चाक फिरवायचं, मग पुन्हा ओढायचं. पण जमीन जवळ असताना नाक खाली सोडणार कसं? शेवटी त्यांनी वीज पुन्हा जोडली आणि सॉफ्टवेअरने नाक पुन्हा खाली दाबलं.

भारतातही ही विमानं मार्च २०१९ मध्ये जमिनीवर आली; परवानगी मिळाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये.

आमच्या कामात 'यंत्रणा बिघडल्यास हाताने चालवावे' असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं. ते वाक्य दिसलं, की मी टीममधल्या मुलांना विचारते: कोणाच्या हाताने? किती जोर लावून? किती सेकंदांत? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळेपर्यंत ती ओळ मी पुढे जाऊ देत नाही.