तिकिटातील रेशमी धागा



१८५४ साली कंपनी सरकारने हिंदुस्थानभर चालणारी टपाल तिकिटे काढली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बसलेल्या हेल्वेशिया देवीची तिकिटे निघाली. बनावटीची चिंता दोन्हीकडे होती. आपल्याकडे कागदात कंपनीच्या राजचिन्हाचे जलचिन्ह आले. तिकडे लगद्याचा कागद होतानाच त्यात रेशमी धागा घातला गेला. ही युक्ती जॉन डिकिन्सन या इंग्रज कागद-कारखानदाराची.

स्विस तिकिटांतील धाग्याचा रंग सर्वत्र एक नाही. त्यावरून छपाई ओळखतात. परंतु धागा कागदाच्या पोटात असतो. डिंक, मळ आणि कागदाची छटा डोळ्यांना फसवितात. म्हणून तिकीट उलटे धरून, दिवसाच्या उजेडात, भिंगातून, शक्यतो कडेशी धाग्याचे टोक दिसते तेथे पाहावे. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळाही हिरवा भासतो. रंग स्पष्ट नसेल, तर तसे नोंदवावे. अंदाजाने लिहिलेल्या रंगाने तिकिटाचा काळ आणि मोल दोन्ही चुकतात.

आजच्या पाचशेच्या नोटेतील धागा, नोट तिरपी करताच, हिरव्याचा निळा होतो. अभनपूरच्या बालमित्रांनो, घरी वडीलधाऱ्यांच्या हातची नोट अवश्य पाहा. आधी नीट पाहावे आणि मगच रंग सांगावा, एवढेच माझे सांगणे आहे.