फोटोतला डाग आणि छातीतला दम



आज बोलायचंय ते टीबीची औषधं पूर्ण केलेल्या बायांबद्दल. गोळ्या चालू असताना काय करायचं, हे आता गावोगावी ठाऊक झालंय. आशाताई सांगतात, भिंतीवर लिहिलेलं असतं. पण गोळ्या संपल्यावर पुढं काय, हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मनातली धाकधूक तर तिथूनच सुरू होते.

आम्ही परळ-लालबागच्या चाळींतल्या बाया. आमच्या भागाला गिरणगाव म्हणतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, नाव तेवढं राहिलं. कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून माणसं इथं गिरणीत कामाला आली. एकेका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपायचे. कोंदट खोली, पोटाला चिमटा आणि छातीत कापसाची धूळ. टीबीला आणखी काय हवं? माणूस खंगला की त्याला गावी धाडायचे. मग त्याची उस्तवार कुणी केली? गावच्या बाईनं. म्हणून हे दुखणं जेवढं आमचं, तेवढंच तुमचं.

आजही शिवडीला महानगरपालिकेचं टीबीचं मोठं रुग्णालय आहे, परळला केईएम आहे. आमच्यातल्या काही जणी चाळीतल्या पेशंटना गोळ्यांची आठवण करतात, तपासणीला सोबत जातात. तिथं एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो : ‘ताई, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बेडका साफ आला, मग छातीच्या फोटोत डाग कसा? आजार आतच राहिला की काय?’

याचं उत्तर आपल्या हातावरच सापडेल. पुऱ्या तळताना कधी तरी तेल उडतं. फोड येतो, जखम भरते, आणि व्रण राहतो. दहा वर्षांनीही तो दिसतो. म्हणून हात अजून भाजतोय असं आपण म्हणतो का? फुप्फुसाचंही तसंच. टीबीच्या जंतूंनी जिथं पोखरलं, ती जागा भरताना तिथं व्रण होतो. जंतू मरतात, व्रण राहतो. फोटोत दिसतो तो बहुतेक वेळा हाच व्रण असतो. कितीही गोळ्या खाल्ल्या तरी तो पुसला जात नाही, आणि पुसायची गरजही नसते.

पण भाजल्याचा व्रण कोपरावर असला तर काय होतं? कातडी आखडते, हात पुरता वाकत नाही. आग नाही, तरी अडचण आहे. फुप्फुसातला व्रण मोठा असेल तर तसंच होतं. श्वास पुरेसा भरत नाही. काहींच्या श्वासनळ्या सैल होऊन रुंदावतात, त्यात कफ साठतो, रोज सकाळी खोकून काढावा लागतो. काहींच्या फुप्फुसात पोकळी उरते, तिच्यात पुढं बुरशी वाढू शकते. यातलं काहीही टीबी परत झाल्याशिवायही होतं.

म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. डागाला भ्यायचं नाही. आणि दम लागत असेल तर तो अंगावर काढायचा नाही.

या दोन्ही बाबतीत बाईचं नुकसान कसं होतं, ते आम्ही पाहतो. साध्या सर्दी-खोकल्याला एखादी नव्या डॉक्टरकडे जाते. जुने कागद जवळ नसतात. फोटोत डाग दिसतो, आणि बेडका न तपासताच टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. गरज नसताना सहा महिने त्या जड गोळ्या! दुसरीकडे घरात तिचं ताट-वाटी वेगळीच राहते, लग्नाचं बोलणं फोटोवरून मोडतं. उपचार पूर्ण होऊन बेडका साफ आला, की तिच्यापासून कुणाला लागण होत नाही. आणि टीबी मुळात ताट-वाटीतून पसरतच नाही, तो हवेतून पसरतो. तिसरी बाई गप्प बसणारी. पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना तिला दोनदा थांबावं लागतं, पण ‘टीबी बरा झाला ना, मग आता कसला दम?’ असं ऐकावं लागेल म्हणून ती बोलतच नाही.

मग करायचं काय?

पहिलं, कागद जपा. पहिला फोटो, औषधं संपल्यावरचा फोटो, बेडक्याचे रिपोर्ट, उपचाराचं कार्ड, सगळं एका पिशवीत ठेवा. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की डॉक्टरला कळतं, डाग तसाच आहे की वाढलाय. तसाच असेल तर बहुधा तो व्रणच.

दुसरं, तारखा पाळा. सरकारी टीबी कार्यक्रमात औषधं संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी सांगितलेली आहे. टीबी उलटायचा असेल तर बहुधा याच दोन वर्षांत उलटतो. बरं वाटतंय म्हणून ती तपासणी चुकवू नका.

तिसरं, खुणा ओळखा. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजनात घट. यातलं काही दिसलं तर बेडका तपासून घ्या. पूर्वी टीबी होऊन गेलाय हे आधी सांगा. कारण सीबीनॅटच्या मशीनवर मेलेले जंतूही दिसू शकतात. जिवंत जंतू आहेत का, हे कल्चरमध्ये कळतं. त्याला काही आठवडे लागतात. बेडक्यात रक्ताचा एक ठिपका दिसला तरी डॉक्टरला दाखवा. जास्त रक्त पडलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

चौथं, दम मोजून घ्या. नळीत जोरानं फुंकायची एक तपासणी असते, स्पायरोमेट्री. सुई नाही, दुखत नाही. जवळच्या केंद्रात नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. डॉक्टरांनी पंप दिला तर घाबरू नका, पंपाचं व्यसन लागत नाही. कफ फार साठत असेल तर तो काढायची रीत फिजिओथेरपीवाले शिकवतात.

घरी करण्यासारखंही आहे. दम लागला की बसा, खांदे सैल सोडा, नाकानं श्वास घ्या आणि गरम दूध फुंकताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा. घेताना दोन मोजले तर सोडताना चार मोजा. रोज थोडं चाला, दर आठवड्याला थोडं वाढवा. चुलीच्या धुरापासून लांब राहा. मळणीच्या वेळी नाकातोंडाला फडकं बांधा. आणि घरातल्या पुरुषांना सांगा, बिडी ओढायची तर घराबाहेर. सोडली तर सोन्याहून पिवळं.

जेवणाचंही बघा. उपचार चालू असताना सरकारकडून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. औषधं संपली की ते थांबतात, पण अंग भरून यायला आणखी वेळ लागतो. डाळ, उसळ, अंडं, शेंगदाणे बाईच्या ताटातही पडू द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, ही रीत तिच्यापुरती तरी मोडा.

मैत्रिणींनो, हे एकटीनं होत नाही. तुमच्या बचत गटात अशी कुणी असेल तर तिची परवानगी घेऊन तिच्या चार तारखा गटाच्या वहीत लिहा. हप्ता भरायला ती येते, त्या दिवशी विचारा, ‘चढ चढताना थांबावं लागतं का गं?’ हो म्हणाली तर दोघीजणी तिच्यासोबत जा, ती कागदांची पिशवी घेऊन. शंका असेल तर टीबीचा सरकारी मोफत फोन आहे : १८००-११-६६६६.

डाग फोटोत राहील तर राहू दे. बाईनं मात्र घरात, गटात, सगळ्यांत राहायला हवं.