जोड पुसून टाकला होता

मागच्या भागात प्रीकास्टबद्दल बोललो. आज थेट जोडावर येतो. बीम आणि कॉलम कारखान्यात ओतले, साइटवर आणून जोडले, पण भूकंपात ते सुटले तर?

ही भीती उगाच नाही. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा लेनिनाकान शहरातल्या नऊ मजली प्रीकास्ट इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या. त्यात कमकुवत जोडांचा मोठा वाटा होता.

एमटेकला माझा विषय हाच होता. जोडाच्या जागेत साइटवर जे काँक्रीट भरतात, त्यात स्टीलचे फायबर मिसळायचे. आकारमानाच्या एक टक्का, म्हणजे घनमीटरला साधारण ७८ किलो. टोकं वाकवलेले, बारीक तारेचे तुकडेच म्हणा ना. फायबर असले तरी तडा जातोच. पण गेल्यावर ते त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात.

कॉम्प्युटरवर मी जोडाचे हजारो लहान तुकडे केले, म्हणजे मेश. पहिला निकाल बघून छाती फुगली! लॅबमधल्या नमुन्यापेक्षा मॉडेलची ताकद कितीतरी जास्त. सरांनी दोन मिनिटं स्क्रीन बघितली आणि विचारलं, "अरे, यात जोड आहे कुठे?"

खरंच नव्हता. जुनं आणि नवं काँक्रीट जिथे भेटतं, तिथे मी सॉफ्टवेअरमध्ये 'टाय' दिलं होतं. टाय म्हणजे दोन्ही पृष्ठभाग कायमचे चिकटलेले. घसरणं नाही, फट नाही. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप, तीच मी पुसून टाकली होती.

टाय काढून तिथे चिकटण्याची मर्यादा आणि घर्षण दिलं. मग मेश बारीक केली, तर ताकद भलतीच घसरली. कारण तडा तुकड्यांच्या एकाच ओळीत साचतो. ओळ जितकी अरुंद, तितकी तो उघडायला लागणारी ऊर्जा हिशोबात कमी. म्हणून ताण किती लांबणीवर घटतो हे न देता, तड्याच्या किती रुंदीवर घटतो ते द्यावं लागतं. फायबरचा सगळा गुण त्या आलेखाच्या शेपटीत असतो. तीन आठवडे मी शेपटीच धरून बसलो होतो.

शेवटी एका रात्री तडा बीम आणि कॉलमच्या सांध्यावर उमटला. लॅबमधल्या नमुन्यावर आम्ही खडूने खूण केली होती, जवळपास तिथेच. ताकद मात्र अजून थोडी जास्तच येत होती. ते पुढच्या भागात.