आमचा धडा कुठं गेला?


एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्रात जनआंदोलनांवर एक धडा होता. त्यात चिपको होतं, शेतकरी होते, अन् १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथरही होती. कोरोनानंतर, २०२२ साली, पोरांचं ओझं कमी करायचं म्हणून तो अख्खा धडाच काढून टाकला. ओझं पोरांच्या पाठीवरचं, की यांच्या डोक्यावरचं?
घटनेचं १७ वं कलम पोरं घोकतात: अस्पृश्यता नष्ट. पण कायदा होऊनही ती का उरली, जवान पोरं रस्त्यावर का उतरली, हे कोण सांगणार? परीक्षेला नाही ते मास्तर शिकवत नाही.
मग आपण शिकवू. जुनं पुस्तक शोधा. रविवारी विहारात पोरं जमवा. धडा मोठ्यानं वाचा. अन् पोरांना प्रश्न विचारू द्या!