गृहव्यवहारातील साधे पालट



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात मी याच शाळेत मराठी शिकलो. वार्षिक परीक्षा आटोपली की उत्तरपत्रिकांतील कोरी पाने सर जपून काढून घेत, दाभणाने शिवून त्यांच्या वह्या करीत आणि ज्या मुलांपाशी वहीचे पैसे नसत त्यांना गाजावाजा न करता देत. तशा दोन वह्या मलाही मिळाल्या. ‘पर्यावरण’ हा शब्द सरांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तरीही आज साहित्याऐवजी घरातील वस्तूंचा विषय मी निवडला, त्याचे मूळ त्या वह्यांत आहे.

मी भाषेचा विद्यार्थी. म्हणून आरंभ शब्दांपासून करतो. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात टाकायच्या प्रत्येक गोष्टीला वेगळे नाव होते. ताटात उरले ते उष्टे, भांड्याला चिकटले ते खरकटे, देवावरून उतरले ते निर्माल्य, चुलीतून निघाली ती राख, धान्यातून निघाला तो कोंडा. नावाबरोबर जाण्याचे ठिकाणही ठरलेले असे. कोंडा गुरांना, निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी, राख भांड्यांना, विरलेले लुगडे गोधडीत. प्लॅस्टिकची पिशवी घरात आली आणि या साऱ्यांना ‘कचरा’ हे एकच नाव देऊन, तिच्यातच गाठ मारून, आपण ते दाराबाहेर ठेवू लागलो.

आपले इंदूर 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे तो मान त्याने राखला. माझ्या मते या शहराने वस्तूंना त्यांची नावे परत दिली. आधी ओला आणि सुका असे दोन भाग केले, पुढे ते सहा झाले. 2022 च्या फेब्रुवारीत देवगुराडिया येथे सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओला कचरा पचवून त्यापासून वायू आणि खत करण्याची आहे. परंतु त्या यंत्राचे पहिले काम तुमच्याआमच्या ओट्यापाशी होते. सालींत प्लॅस्टिक मिसळले की त्या ना खताच्या राहतात ना वायूच्या.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. निवृत्तीनंतर जुन्या गृहव्यवहाराचे गोडवे गाणारे लेख मी बरेच लिहिले. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा काढतो. चिंचेतील आम्लाने तांब्याचा काळेपणा जातो. रिठ्याला फेस येतो. हे सारे खरे आहे. पण जो क्षार भांड्याचे तेल काढतो, तोच हाताच्या कातडीचेही काढतो. आईच्या बोटांच्या भेगा मी रोज पाहत होतो; माझ्या एकाही लेखात त्या आल्या नाहीत. चुलीचा धूरही आला नाही. भांडी घासणारे हात माझे नव्हते, म्हणून मला राख सुंदर वाटत होती.

पत्नीने जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या होत्या. फुलाफुलांची पिशवी घेऊन प्राध्यापकाने बाजारात जावे, याची मला लाज वाटे. मी रिकाम्या हाताने जाई आणि प्लॅस्टिकच्या चार पिशव्या घेऊन येई. ती काही बोलत नसे. ती गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कचऱ्याच्या गाडीवरील मुलाने माझी बादली परत दिली आणि अदबीने म्हणाला, “बाबूजी, माताजी तो अलग करके देती थीं।” इतकी वर्षे हे काम घरात कोणीतरी करीत होते, हे मला त्या दिवशी कळले. कपाटात तिच्या अकरा पिशव्या घड्या घालून ठेवलेल्या सापडल्या. आता त्या मी वापरतो.

तेव्हापासून कोणताही पालट सुचविताना मी दोन प्रश्न विचारतो : यात खरोखर बचत किती, आणि श्रम कोणाचे?

पिशवी जुन्या कापडाचीच शिवावी. कापूस पिकविण्यास पाणी अतोनात लागते. समारंभातून नव्या कापडी पिशव्या गोळा करून त्या कपाटात कोंबण्यात काहीच पुण्य नाही. भांड्यांना प्लॅस्टिकच्या घासणीऐवजी काथ्या घ्यावा, किंवा वेलीवर वाळलेले गिलके, ज्याला कोकणात घोसाळे म्हणतात. त्याची जाळी झिजली तर मातीत मिळते. साबण मात्र हाताला सोसेल असाच असावा. राखेकडे परत जाण्याचे कारण नाही. 60 वॉटचा जुना दिवा काढून 9 वॉटचा एलईडी लावला तर उजेड जवळजवळ तेवढाच मिळतो, आणि दिवसाला पाच तास धरले तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. येथे नवे तेच सोने आहे. आणि घरात असलेले प्लॅस्टिकचे डबे स्टीलच्या हौसेने फेकून देऊ नयेत. ते डाळ-साखर भरून झिजेपर्यंत वापरावेत.

प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचे थर्मोकोल यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तरी आपल्या पंगती कागदी पेल्यांवर येऊन थांबल्या. त्यांनाही बहुधा आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. प्रत्येकाने स्टीलचे एक ताट, एक वाटी आणि एक पेला शाळेला द्यावा. स्नेहसंमेलन असो वा कोणाच्या घरची मुंज, ही भांडी तेथे जावीत आणि धुवून परत यावीत. धुण्याची पाळी लावावी, आणि त्या यादीत पुरुषांची नावे आधी लिहावीत. माझे नाव पहिले घालावे. वयामुळे ओणवे बसवत नाही; पण नळाखाली उभा राहून ताटे विसळता येतात. घरी रोज तेच करतो.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून येथेच थांबतो.