माळढोकाचे छायाचित्र आणि पहिले शील



आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर माळढोकाचे छायाचित्र मिळावे म्हणून आम्ही काही मित्र अनेकदा गेलो. पक्षी मीटरभर उंच. नर १५ किलोपर्यंत भरतो. तरी वाळल्या गवतात असा मिसळतो की नजरेस पडत नाही. १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. पण आता त्याचे दर्शन फारच दुर्मीळ झाले आहे.

मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कोणी कॅमेरा घेऊन जवळ गेले तर ती उठून जाते आणि अंडे कोल्ह्या-कावळ्यांच्या तोंडी पडते. एका फोटोपायी एक जीव जातो! म्हणून पावसाळ्यात, विणीच्या काळात, कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, असा आमचा नेम आहे.

देवदत्ताने बाण मारलेला हंस सिद्धार्थाने वाचवला. पक्षी मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा, असा निवाडा झाला. मग तो टिपणाऱ्याचा तरी कसा होईल? मुलांना माळरानावर जरूर न्या. पण दुरून, दुर्बिणीतून पाहायला शिकवा. पंचशीलातील पहिले शील विहाराबाहेरही पाळायचे असते.

नमो बुद्धाय! जय भीम!