तांबड्या पावसाचा दिवस

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुलाच्या हट्टापायी आम्ही दोघं नवरा-बायको ग्रीसच्या समुद्रात आठवडाभर जहाजानं हिंडलो. मी कोकणातला. होडीतून खाडी ओलांडणाऱ्याला ते जहाज म्हणजे पाण्यावर उभी केलेली वसाहतच वाटली. त्या आठवड्यातला एकच दिवस आज सांगणार आहे.

आदल्या दिवशी सांतोरिनी हुकलं. तिथं मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. वारा असा सुटला की बोटी सोडता येईनात. कड्यावरची पांढरी घरं लांबूनच पाहिली आणि पुढं निघालो.

दुसऱ्या दिवशी क्रीट बेटावरच्या सूदा बंदरात उतरलो. हा उपसागर खोल आणि डोंगरांच्या आडोशाचा. जहाज सरळ धक्क्याला लागलं. तिथून हानिया हे जुनं शहर बसनं जवळच. हातात सहा तास होते. अशा सहलीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जहाजाच्या गटाबरोबर गेलात आणि उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं. आपले आपण गेलात तर ते वेळेवर निघून जातं. आम्ही गटाबरोबर होतो.

सकाळी उकाडा होता, आभाळ पिवळट. वाटाड्या बाई म्हणाल्या, "हा दक्षिणेचा वारा. आफ्रिकेच्या वाळवंटाची धूळ घेऊन येतो." तासाभरात पाऊस आला. थेंब वाळले तसे माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस ठिपके उमटले. बायको म्हणाली, "अहो, पाऊस आहे का गेरू?"

आम्ही धावत बंदरावरच्या एका घुमटाच्या इमारतीच्या आडोशाला गेलो. ती मशीद निघाली. 1645 मध्ये तुर्कांनी हे शहर व्हेनिसकडून घेतलं, त्यानंतरची. आता तिथं नमाज होत नाही, प्रदर्शनं भरतात. पुढं गल्ल्यांतून स्प्लांझिया नावाच्या चौकात पोचलो, तोवर ऊन पडलं होतं. चौकात मोठं झाड आणि समोर सेंट निकोलसचं चर्च. त्याच्या एका अंगाला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या अंगाला चक्क मिनार! मूळचा हा ख्रिस्ती मठ. तुर्कांच्या काळात त्याची मशीद झाली आणि 1918 मध्ये पुन्हा चर्च.

"मग इथले मुसलमान कुठं गेले?" मी विचारलं.

बाईंनी सांगितलेलं ऐकून मी झाडाखालच्या बाकावर बसलो. 30 जानेवारी 1923 रोजी लोझान इथं ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला. ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात जायचं, तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये यायचं. इच्छा विचारायची नाही. काही ठिकाणं वगळली होती, क्रीट त्यांत नव्हतं. सुमारे 12 लाख माणसं इकडं आली. त्यांतली बरीचशी आधीच युद्धात पळून आलेली होती. साडेतीन-चार लाख तिकडं गेली. माणूस कुणीकडचा, हे त्याच्या धर्मावरून ठरलं.

क्रीटच्या बहुतेक मुसलमानांची घरची भाषा ग्रीक होती. मांतिनादा नावाची दोन ओळींची यमकाची कविता इथं लोक बोलता बोलता रचतात, आपल्याकडं जात्यावर ओवी सुचावी तशी. तीही त्यांच्या तोंडी होती. ती घेऊन ते आयवालिक आणि त्याच्या समोरच्या जुंदा बेटावर गेले. तिकडच्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'अर्धे काफिर'. आणि इकडं आलेल्यांत काही ख्रिस्ती असे होते की त्यांना तुर्कीच येत होती. त्यांना इथले लोक 'तुर्काची अवलाद' म्हणत. "माझी पणजी त्यांतलीच," बाई म्हणाल्या आणि छत्री मिटू लागल्या.

मला जहाजावरची पहिली रात्र आठवली. जेवणाच्या टेबलावर नाशिकचे एक निवृत्त अधिकारी भेटले. माझं नाव ऐकून कौतुकानं म्हणाले, "तुम्ही मराठी किती छान बोलता! कुठं शिकलात?" मी म्हटलं, "आईच्या मांडीवर." ते हसले, मीही हसलो. हा प्रश्न मला कॉलेजात असल्यापासून विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या बाकावर बसल्यावर जाणवलं की हाच प्रश्न सरकारी कागदावर चढला, तर माणसाला घर सोडावं लागतं.

संध्याकाळी जहाज सुटलं. वारा फिरला होता, धूळ धुऊन गेली होती. शहरामागच्या पांढऱ्या पर्वतांवरचं बर्फ दिवसभरात पहिल्यांदाच दिसलं. नाशिककर कठड्याशी उभे होते. ते मागं बंदरावरच कॉफी पीत थांबले होते. मी त्यांना चौकातली हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकडं गेल्यावर ते घरात काय बोलायचे हो?"

"ग्रीकच," मी म्हटलं. "काही म्हाताऱ्यांच्या तोंडी ती कालपरवापर्यंत होती म्हणतात."

"आणि नातवंडांच्या?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात बायकोनं हाक मारली. सदरा भिजत घातला होता, पण ठिपके काही निघत नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)